अडकलेला गोटा

बस असा ओट्यावर. निकाल लागल्यापासून एकच वाक्य धरून बसलायस, ‘आजोबा, वाटच बंद झाली.’ झाली तर झाली. मी तुझी समजूत काढणार नाही, त्यासाठी घरात चार जण आहेत. मी तुला कुकडीची गोष्ट सांगतो.

कुकडी उगम पावते सह्याद्रीत, नाणेघाटाच्या अंगाला, कुकडेश्वराच्या देवळापाशी. जुन्नरचा मुलूख ओलांडून ती निघोजला येते आणि आपल्या पारनेर तालुक्याची शीव होते. अलीकडं निघोज, पलीकडं पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी. पुढं ती घोडनदीला मिळते, घोडनदी भीमेला. पण निघोजला तिच्या पुढ्यात आडवा येतो काळा पाषाण.

हा पाषाण साधासुधा नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर थिजले आणि आपलं दख्खनचं पठार झालं. कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखर त्याच लाव्हाचं. आपल्या पायाखालचा मुरूमही त्याच खडकाचा, ऊन-पावसानं भुगा झालेला. अशा खडकावर नुसतं पाणी आपटून काय होणार? पाण्याला दात नसतात.

आता नीट ऐक, इथून पुढं खरी गंमत आहे.

खडक दिसतो एकसंध, पण सगळीकडं सारखा टणक नसतो. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले होते, त्यांच्या जागा पोकळ राहिल्या. आकसताना चिरा पडल्या. अशा एखाद्या कच्च्या जागी आधी वाटीएवढा खोलगा पडतो. मग येतो पूर. पुराबरोबर गोटे येतात, वाळू येते. त्यातला एखादा गोटा त्या खोलग्यात पडतो आणि अडकतो. पुढं जाता येत नाही, मागं फिरता येत नाही. त्याला बोलता आलं असतं तर तोही म्हणाला असता, वाट बंद झाली!

पण पाणी वरून धावतच असतं. ते खोलग्यात शिरतं आणि भोवरा घेतं. भोवऱ्याबरोबर गोटा फिरायला लागतो. सुताराच्या गिरमिटासारखा तो तळ कोरतो, बाजू घासतो. स्वतःही झिजतो, कोपरे जातात, गरगरीत होतो, शेवटी त्याची वाळू होऊन वाहून जाते. तोवर पुढच्या पुरानं दुसरा आणून टाकलेला असतो. वाटीची घागर होते, घागरीचा रांजण. तोंडापेक्षा पोट मोठं, आतून गुळगुळीत. काही रांजण पुरुषभर खोल, काही त्याहून खोल. भूगोलाच्या पुस्तकात यांनाच रांजणखळगे म्हणतात.

आणि एवढ्यावर थांबत नाही. शेजारशेजारचे रांजण रुंदावत गेले की मधली भिंत पातळ होते. एखाद्या पुरात ती फुटते. दोनाचा एक होतो, मग तिसरा जोडला जातो. असं करत करत नदीला त्या पाषाणातूनच खोल, चिंचोळी वाट मिळते. कुकडीनं खडकाला वळसा घातला नाही की तो उचलून फेकला नाही. ज्यानं अडवलं, त्याचाच गोटा घेऊन त्यालाच कोरलं. जे गोटे न अडकता वाहून गेले ना, त्यांनी निघोजला काहीही केलं नाही.

लोक सांगतात, आशिया खंडात असे खळगे दुसरे नाहीत. नंबर लावायची आपल्याला भारी हौस. दक्षिण आफ्रिकेत ब्लाईड नदीनं कोरलेले असेच खळगे आहेत, तेही जगभरचे लोक बघायला जातात. निघोजला मात्र काठावर मळगंगा देवीचं ठाणं आहे, त्यामुळं बघायला आलेला माणूस हात जोडूनच परततो.

काय म्हणालास? ‘याला हजारो वर्षं लागली, माझ्याकडं कुठं आहेत?’

बरोबर. हा प्रश्न मला आवडला. म्हणून आता हिवरे बाजारचं ऐक, तिथं काम माणसाच्या आयुष्यात झालंय.

नगर तालुक्यातलं गाव. पाऊस वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास, तोही धड नाही. 1972 च्या दुष्काळानंतर गाव खचत गेलं. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या. माणसं कामाला बाहेर पडली. तिथं कुकडीच्या उलटा घोळ होता. पाणी अडत नव्हतं, हाच घोळ! पडलेला थेंब बोडक्या डोंगरावरून माती घेऊन पळून जायचा.

1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, शिकलेला तरुण माणूस. गावानं श्रमदान केलं, डोंगराच्या उतारावर समपातळीत चर खणले, बांध घातले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. चराशी थेंब अडला. अडला म्हणून थांबला, थांबला म्हणून मुरला. काळा पाषाण स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण त्यावरचा मुरूम पितो, त्याच्या चिरा पितात. चिरांतून वाट काढत तेच पाणी पुढं कितीतरी दिवसांनी खालच्या विहिरीत उतरतं. धावून जे मिळालं नसतं, ते अडून मिळालं.

आणि एवढं पाणी आलं म्हणून ऊस लावला का? नाही. तिथंच त्या गावाचं शहाणपण दिसतं. बोअरचं पाणी पिण्यापुरतं, शेतीला नाही. ऊस नाही, केळी नाही. दर वर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मगच कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. गाव सोडून गेलेली कितीतरी कुटुंबं परत आली. 2020 साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. मला विचारशील तर चर खणण्यापेक्षा ऊस न लावणं अवघड होतं.

आता तुझं काय करायचं, ते मी सांगणार नाही. पुरवणी परीक्षा द्यायची, आयटीआयला जायचं की आणखी काही, ते तूच बघ. एक मात्र कर, निघोजला जाऊन ये. पावसाळ्यात नको, उन्हाळ्यात जा. पाणी ओसरलं की खळगे उघडे पडतात. कोरड्या रांजणात डोकावलास तर तळाशी गोल गोटे दिसतील. त्यातला एकही उचलून घरी आणू नकोस, त्यांचं काम अजून चालू आहे. आणि काठावर जपून चाल. खडक निसरडा असतो, खळगे खोल आहेत, पोहता येत असलं तरी आत उतरायचं नाही.