स्पीकरची घरघर घालवा, अर्थिंग नको!

वाळूज परिसरात गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा घरीही, जुना प्रीअॅम्प्लिफायर मोठ्या पॉवर अॅम्प्लिफायरला जोडला की अनेकदा स्पीकर घरघरू लागतो. ही घरघर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची असते. दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला, की केबलच्या जाळीतून विजेचा प्रवाह वाहतो. साध्या केबलमध्ये ध्वनिसंकेताची परतीची वाटही तीच जाळी असल्याने घरघर गाण्यात मिसळते.

बॅलन्स्ड इनपुट मात्र दोन तारांमधला फरक तेवढा वाढवते. दोन्हींत सारखी आलेली घरघर वजा होते. हा फायदा मिळवण्यासाठी आत दोन तारा आणि वर जाळी असलेली केबल घ्या. आरसीएच्या मधल्या टोकाची तार एक्सएलआरच्या पिन 2 ला, कड्याची तार पिन 3 ला आणि जाळी पिन 1 ला जोडा. जाळीचे दुसरे टोक आरसीएच्या कड्यालाच जोडावे.

काहीजण घरघर थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. आवाज थांबतो, पण आत बिघाड झाल्यास अॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीवर 230 व्होल्ट येऊ शकतात. माइक धरणाऱ्यालाही जीवघेणा शॉक बसू शकतो. म्हणून केबल बदला; अर्थिंगला हात लावू नका.