पाचशे रुपयांचा आठवडा

पुण्यात सदाशिव पेठेतल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली त्या संध्याकाळी वडापाव, पोहे नाहीतर मॅगीवर भागवतात. मीही दीड वर्ष तेच केलं. बाकीचे दिवस मेसचं जेवण: पातळ वरण, बटाट्याचा रस्सा, तीन पोळ्या, भात. पोट भरायचं, पण अभ्यासिकेत दुपारी तीननंतर पुस्तकातली ओळ डोळ्यांसमोर हलायची आणि जिना चढताना धाप लागायची. एका शिबिरात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९ निघालं. बाईचं ते १२ तरी हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "जेवतेस काय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "गोळ्या संपल्यावर मग काय करशील?"

त्या प्रश्नानंतर मी मेस सोडली. घरून येणाऱ्या पैशांतून कॉटचं भाडं, अभ्यासिकेची फी आणि पुस्तकं गेली की जेवणासाठी आठवड्याला ५०० रुपये उरायचे. मेस आणि बाहेरचा नाश्ता मिळून याहून जास्त जात होते आणि ती तूट मी उसनवारीनं भरत होते. खोलीवर एक इंडक्शन शेगडी, लोखंडी तवा, छोटा कुकर आणि परात एवढं सामान जमवलं. फ्रीज नव्हता. पुढचं सगळं या फ्रीज नसण्यावर ठरत गेलं.

पहिल्या दोन आठवड्यांत माझं गणित चुकलं. आधी भाजी घेतली, मग पोळीसाठी तयार पीठ, आणि कडधान्याला पैसेच उरले नाहीत. मेथीची अख्खी जुडी पिवळी पडून टाकावी लागली. तेव्हा कळलं की एकट्या माणसाचं जेवण महाग पडतं ते वाया जाण्यामुळे. चार माणसांच्या घरात उरलेली भाजी कुणीतरी खातं. इथे खाणारी मी एकटीच.

मग क्रम बदलला. आधी भुसार दुकान, मंडई सगळ्यात शेवटी. २०२३ च्या हिवाळ्यातल्या माझ्या वहीत एका आठवड्याचा हिशेब असा आहे: दोन किलो ज्वारी, दळणावळ आणि अर्धा किलो तांदूळ १४० रुपये, मटकी, अख्खा मसूर आणि शेंगदाणे प्रत्येकी पाव किलो मिळून ९०, सहा अंडी आणि अर्धा लिटर दूध ७०, पालेभाजीच्या तीन जुड्या, कोबी किंवा भोपळा, कांदा-टोमॅटो, लिंबू-मिरची-कोथिंबीर १३०, सहा केळी २५, तेल, गूळ, चहा-मीठ ३५. एकूण ४९०. उरलेले दहा रुपये डब्यात, पुढच्या तेलासाठी.

ते आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. मोठ्या दुकानांत ज्वारीच्या चकचकीत पुड्या मांडलेल्या असायच्या. मी मात्र पेठेतल्या भुसार दुकानातून सुटी ज्वारी घेऊन गिरणीत जायचे. एवढं थोडं दळण वेगळं दळून मिळत नाही. गिरणीवाले काका म्हणाले, "आमच्याकडं ज्वारी दुपारी चालते बघ. ज्वारीवर ज्वारीच घालतो, तेव्हा ये." गव्हावर ज्वारी घातली की पीठ मिसळतं, म्हणून त्यांची वेळ मी पाळली. दळण आठवड्यापुरतंच आणायचं. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेला फाटते, ताज्या पिठाला चिकटपणा असतो. तरी मी उकळतं पाणी घालून उकड घ्यायचे, म्हणजे शेवटच्या दिवशीचं पीठही ऐकायचं. इंडक्शनवर जाळ नाही, त्यामुळे भाकरी शेकायला खाली विस्तव नसतो. पाणी फिरवलेली बाजू सुकली की उलटायची, आणि दुसरी बाजू झाली की फडक्यानं कडेकडेनं दाबत राहायचं. तव्यावरच पापुद्रा सुटतो. पंधरा दिवसांत हात बसला.

मंडईत मी रात्री आठच्या सुमाराला जायचे. विकणाऱ्यांना घरी परतायचं असतं, उरलेला पाला सकाळपर्यंत टिकणार नसतो. वाटे मोठे होतात. ज्या मावशींकडून मी नेहमी घ्यायचे, त्या तीन जुड्यांवर कोथिंबीर टाकून म्हणायच्या, "ने गं, उद्या कोण घेणार आहे." मात्र घरी आल्यावर झोपायच्या आत भाजी निवडलीच पाहिजे, हा नियम. निवडलेला पाला धुवायचा नाही. कोरडा, सुती फडक्यात सैल गुंडाळून खिडकीजवळ ठेवायचा.

त्याच रात्री निम्मी मटकी भिजत घालायची. सकाळी पाणी काढून पंच्यात घट्ट बांधायची आणि कॉटच्या दांडीला टांगायची. थंडीत मोड यायला दीड दिवस लागतो, उन्हाळ्यात रात्रभरात येतात. उन्हाळ्यात एक दिवस जास्त राहिली की वास येतो, तार सुटते, मग ती टाकावीच लागते. म्हणून एका वेळी निम्मीच भिजवायची.

आठवड्याचा क्रम भाजीच्या आयुष्यावर लागतो. सोमवारी मेथीचा घोळाणा: कच्ची मेथी, कांदा, दाण्याचा कूट, मीठ आणि वर अर्धं लिंबू. शिजवायचं काही नाही. मंगळवारी तांदुळजा किंवा चाकवत, मसुराबरोबर कुकरमध्ये. बुधवारी मोडाची उसळ. गुरुवारी उरलासुरला पाला ज्वारीच्या पिठात मळून धपाटी, बरोबर दही. ते दही त्याच अर्ध्या लिटर दुधाचं, विरजण शेजारच्या खोलीतल्या ताईंचं. शुक्रवारी कोबी किंवा भोपळा, कारण ते दोन्ही वाट बघतात. शनिवारी भाजी संपलेली असते, तेव्हा शेंगदाण्याचा म्हाद्या. हे सगळं आमच्या परभणीकडचं रोजचं जेवण. आईनं ते कधी पौष्टिक म्हणून केलं नाही. कोरडवाहू रानात जे पिकतं आणि उन्हाळ्यात जे टिकतं, त्यातून ते आलं. आणि टिकणारं, थोडक्यात भागणारं तेच तर मला हवं होतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींत ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. माझ्या हिशेबात रोजची ६० ग्रॅमच्या पुढे जात होती, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा भाकरीचा. ज्वारीत शंभर ग्रॅममागे दहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. ती एकटी अपुरी पडतात, पण शेजारी मटकी-मसूर असला की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. भाकरी-उसळ, वरण-भात या जोड्यांमागचं कारण हेच.

लोहाचं मात्र तसं नव्हतं. त्याच शिफारशींत बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. ज्वारी, मसूर, पालेभाजी, शेंगदाणे सगळं मिळूनही माझी बेरीज तिथे पोचायची नाही. थंडीत निम्म्या ज्वारीच्या जागी बाजरी घेतली की अंतर कमी व्हायचं. पालेभाजीवर आणि उसळीवर लिंबू पिळणं, आणि जेवणानंतर तासभर चहा न घेणं, या दोन सवयी मी काटेकोर पाळल्या. वनस्पतींतलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं, चहा अडवतो. या सवयींना जास्तीचे पैसे पडत नाहीत. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं. त्यात गोळ्यांचा वाटा होता, जेवणाचाही होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. त्यामुळे माझी गोष्ट फक्त माझी नाही. आणि म्हणूनच हेही सांगायला हवं की ५०० रुपयांत सगळं बसत नव्हतं. फळ म्हणजे दिवसाला एक केळंसुद्धा पुरं नाही. दूध रोज घोटभरही नाही. टोमॅटो महागले की त्या आठवड्यात अंडी चारवर यायची. शिवाय रोजचा दीड तास स्वयंपाकात जायचा, आणि ज्याला बारा तास उभ्यानं काम करायचं आहे त्याच्याकडे तो दीड तास नसतो. काटकसरीचं कौशल्य एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडतं. ५०० च्या जागी ३०० असते, तर मी कितीही नीट क्रम लावला असता तरी ताटातून आधी अंडं गेलं असतं, मग पालेभाजी.

गावाकडून शहरात मुलं पाठवणाऱ्या आईवडिलांना एक विनंती आहे. दिवाळीनंतर परतताना पिशवीत चिवडा, शेव, शंकरपाळी जरूर द्या. पण त्याबरोबर पाच किलो निवडलेली ज्वारी, दोन किलो मटकी-हुलगे आणि शेंगदाण्याची चटणीही बांधून द्या. आणि मुलगा असो की मुलगी, घर सोडण्याआधी त्याला-तिला एक भाकरी थापायला आणि एक उसळ करायला शिकवा. फराळ आठवड्यात संपतो. हे शिकलेलं परीक्षा होईपर्यंत पुरतं, आणि त्यानंतरही.