पदें घरीं कशीं आलीं

बारामती म्हटली कीं मोरोपंत आठवतात. बाबूजी नाइकांच्या आश्रयास हे पंडितकवि तेथें राहिले व १७९४ सालीं तेथेंच निवर्तले. त्यांच्या आर्या पोथ्यांत अडकून पडल्या नाहींत. कीर्तनकारांनीं त्या गांवोगांव नेल्या. बारामती, इंदापूर यांसारख्या गांवांतून ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायकाहि देवळांत बसून आर्या, साक्या, दिंड्या ऐकत आणि त्यांच्या चाली कानांत सांठवीत.

मराठी संगीत नाटकाला आयता मिळालेला प्रेक्षक तो हाच. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, त्यांत साकी, दिंडी या ओळखीच्या चाली मुबलक योजल्या. शकुंतला कालिदासाची खरी, पण ती गाऊं लागली कीर्तनांतल्या चालींत! अशीं पदें नाट्यगृहांत राहतात थोडींच? तीं प्रेक्षकाबरोबर घरीं गेलीं.

याहून मोठा पालट पुढें झाला. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाला भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या त्या ख्यालगायकीच्या वळणाच्या. जें गाणें दरबारांत अथवा मोजक्यांच्या बैठकींत चाले, तें तिकीट काढणाऱ्या कोणालाहि ऐकतां येऊं लागलें. आणि ध्वनिमुद्रिका निघाल्यावर तर ज्या गांवीं नाटकमंडळी येत नसे तेथेंहि. यमन म्हणजे काय हें न शिकलेला कारकून आवडत्या पदावरून यमन ओळखूं लागला. घरंदाज स्त्रीनें गाणें हें जेथें कमीपणाचें मानीत, तेथें पेटीवर नाट्यपद वाजूं लागलें, आणि मुलीला गाणें शिकवावें कीं नाहीं हा प्रश्न निदान बोलण्यांत तरी आला. बालगंधर्वांच्या लुगड्याचें, अंबाड्याचें, दागिन्यांचें अनुकरण बायका करीत, ही गोष्ट नेहमीं कौतुकानें सांगतात. पुरुषानें स्त्रियांना नेसावयास शिकविलें यांत मौज आहेच. परंतु लुगड्याची तऱ्हा चार वर्षांत जुनी होते, कानाला लागलेली गोडी जात नाहीं.

कान वळला म्हणजे मन वळतें काय? गोविंद बल्लाळ देवलांचें ‘शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. धनाढ्य म्हाताऱ्या भुजंगनाथाला आपली कोवळी मुलगी पैशासाठीं देऊं पाहणारा कांचनभट त्यांत आहे. त्या काळीं अशीं लग्नें नवलाचीं नव्हतीं. १९२९ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्यास ‘शारदा कायदा’ म्हणत, तें मात्र हरविलास सारडा यांच्या नांवावरून. नाटकाशीं त्याचा संबंध नाहीं, जरी नामसादृश्यानें मराठी माणसास नाटकच आधीं आठवावें. नाटकानें जरठ-कुमारी विवाह बंद पाडला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. सुधारकांचे श्रम व मुलींच्या शाळा यांचा वांटा मोठा. नाटकानें केलें तें निराळें. व्याख्यान ऐकावयास न जाणारी सासू नाटकास गेली. म्हाताऱ्या वराची थट्टा करणारीं पदें तिच्या नातीच्या तोंडीं बसलीं, आणि तीं घरांत कानांवर पडत असतां मुलीसाठीं पैसेवाला म्हातारा पाहणें बापाला पूर्वीइतकें सोपें राहिलें नाहीं.