यंत्र ठणठणीत, संगणक वृद्ध

रुग्णालयात पंधरा-वीस वर्षांचे यंत्र दिसले तर नवल नाही. यंत्र ठणठणीत असते. त्याला जोडलेला संगणक मात्र म्हातारा झालेला असतो. त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. त्याचे सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसेही मिळेनाशी होतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

इंटेलने १९८५मध्ये ‘३८६’ ही ३२-बिट चिप आणली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये ‘लिनक्स’ लिहायला घेतले ते याच चिपच्या संगणकावर. त्याच लिनक्सने २०१२च्या अखेरीस ३८६ला निरोप दिला. लिनक्सवर आधारलेली ‘डेबियन’ ही प्रणाली १९९३पासून जगभरचे स्वयंसेवक चालवतात. ऑगस्ट २०२५मध्ये आलेली तिची तेरावी आवृत्ती ३२-बिट पीसीवर नव्याने बसवण्याची सोयच उरलेली नाही.

असे का होते? मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण त्यामागे श्रम असतात. हजारो प्रोग्रॅम प्रत्येक जातीच्या चिपसाठी वेगळे तयार करून तपासावे लागतात. फक्त जुन्या चिपवर दिसणारा दोष शोधायला ती चिप, वेळ आणि जाणकार, तिन्ही हवेत. २००१मध्ये आलेल्या ‘इटेनियम’ चिपला असा वाली उरला नाही. जानेवारी २०२४च्या लिनक्समधून ती वगळली गेली.

आधार सुटला म्हणून संगणक लगेच बंद पडत नाही. धोका तिथेच आहे. काम चालू राहते, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा विस्कळीत केली. हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. तिथे विंडोजची दुरुस्ती दोन महिने आधी उपलब्ध होती, अनेक ठिकाणी ती बसवलेली नव्हती. वाली नसलेल्या संगणकासाठी तर दुरुस्ती येणारच नाही.

घरच्या संगणकाची फार काळजी नको. ६४-बिट चिप २००३पासून पीसीमध्ये आल्या आणि आज बहुतेकांकडे त्याच आहेत. रुग्णालये आणि प्रयोगशाळांनी मात्र यंत्रांना जोडलेल्या संगणकांची यादी करावी. कोणाला दुरुस्त्या मिळतात, हे पुरवठादाराला विचारावे. ज्यांना मिळत नाहीत, ते बदलेपर्यंत इंटरनेटपासून आणि इतर संगणकांपासून वेगळे ठेवावेत. वैद्यकीय यंत्राची प्रणाली उत्पादकाला न विचारता बदलू नये. नवे यंत्र घेताना सॉफ्टवेअर किती वर्षे सांभाळले जाईल, हे करारातच लिहून घ्यावे.