मालवाहू गाडीला वेगवान मोटारीचे इंजिन चालेल काय?

जाधववाडीच्या बाजारात आले, मका, भाजीपाला वाहून नेणारी आपली पिकअप गाडी काही वर्षांनी ओढेनाशी होते. चाळीसगावकडून कन्नडचा घाट भरल्या गाडीने चढताना हे चांगलेच जाणवते. अशा वेळी कोणीतरी सुचवितो की, भंगारात निघालेल्या एखाद्या वेगवान मोटारीचे शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन स्वस्तात मिळते, तेच बसवून टाका. अश्वशक्ती वाढली की ओढ वाढली, असा हा हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे.

इंग्लंडच्या स्टँडर्ड मोटर कंपनीचे उदाहरण पाहा. या कंपनीचे एकाच घराण्यातील चार सिलिंडरचे इंजिन फर्ग्युसन टीई-२० या लहान ट्रॅक्टरवर होते आणि १९५३ मध्ये आलेल्या ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स मोटारीतही होते. ट्रॅक्टरवर ते सुमारे २,००० फेऱ्यांना साधारण २८ अश्वशक्ती देई. मोटारीत हेड, कार्ब्युरेटर वगैरे बदलल्यावर ४,८०० फेऱ्यांना ९० अश्वशक्ती देई. अश्वशक्ती तिपटीहून अधिक! मात्र त्या फेऱ्यांना दांडा फिरविण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, काढला तर ट्रॅक्टरचा सुमारे १० किलोग्रॅम-मीटर आणि मोटारीचा सुमारे साडेतेरा येतो. जोर वाढला तो फक्त एक तृतीयांश. बाकीची सगळी करामत फेऱ्यांची.

आता हे घाटात लावून पाहा. वेगवान इंजिनाची खरी ताकद चार-पाच हजार फेऱ्यांच्या पुढे मिळते. भरलेली गाडी चढावर उभी राहिली की ती हलविण्यासाठी तेवढ्या फेऱ्या ठेवून क्लच घासावा लागतो, आणि क्लच प्लेट जळते. गिअरची घट वाढवून अशा इंजिनाकडूनही ओढ मिळविता येते, हे खरे. पण मग ते तासभर वरच्या फेऱ्यांवरच राहते, पेट्रोल पिते आणि तापते. जळणातील उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यावाटे रेडिएटरला जातो. मोटार वेगाने पळते तेव्हा समोरचा वारा तो थंड करतो. घाटात दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने वारा कुठला?

आपल्याकडे गाडी उलट दिशेने गेली. महिंद्राच्या जुन्या जीपगाड्या पेट्रोलच्या होत्या. पुढे ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये आले. गावोगावच्या मिस्त्रींनीही जुन्या पेट्रोल जीपगाड्यांना डिझेल इंजिने बसविली. वेग गेला, आवाज वाढला, पण सामान आणि माणसे भरून त्या कच्च्या रस्त्याने चालत राहिल्या.

बसविण्याच्या अडचणी वेगळ्याच. वेल्डिंग हाताशी असले म्हणजे काहीही बसते, प्रश्न टिकण्याचा असतो. इंजिन आणि गिअरबॉक्सचा मध्य केसभर चुकला तरी बेअरिंग आणि तेलाचे सील जातात. हल्लीची पेट्रोल इंजिने संगणकावर चालतात. सेन्सर आणि वायरिंग सोबत नसेल तर ती सुरूच होत नाहीत.

कायदाही लक्षात घ्यावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारण्याची शक्यता राहते, आणि भरपाईचा बोजा जमिनीवर येतो. त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन बसवायचे असले तरी परिवहन कार्यालयात नोंद करून इंजिन क्रमांक बदलून घ्यावा.

तेव्हा इंजिन बदलण्याआधी आहे त्याचे दुखणे शोधावे. काळा धूर येत असेल तर प्रथम एअर फिल्टर पाहावा. कापसाच्या तुसाने तो पुष्कळदा बुजलेला सापडतो. त्यानंतर नोझल व पंप तपासून घ्यावेत. निळा धूर असेल आणि ऑइल भरण्याच्या तोंडातून वाफ जोराने येत असेल, तर रिंगा झिजल्या असे समजून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. फेऱ्या वाढतात पण गाडी हलत नाही, हा दोष इंजिनाचा नसून क्लचचा असतो. लायनर-पिस्टन बदलल्यावर पहिले हजार किलोमीटर निम्माच भार घालावा आणि ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलावे.