ग्रँड कॅन्यनला एक मुक्काम हवाच

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या मराठी आईवडिलांच्या सहलीत लास व्हेगास असतंच आणि व्हेगासला जोडून ‘एका दिवसात ग्रँड कॅन्यन’ही येतं. सकाळी निघायचं, कड्यावर फोटो काढायचे, रात्री हॉटेलवर परत. बेत सोयीचा दिसतो. पण दरी ज्या वेळी सर्वांत कमी कळते, नेमकी तीच वेळ त्यात आपल्या वाट्याला येते. राष्ट्रीय उद्यानाचा दक्षिण कडा, म्हणजे साउथ रिम, व्हेगासहून सुमारे ४५० किलोमीटरवर आहे. रस्ता उत्तम असला तरी साडेचार तास लागतात, चहापाण्याचे थांबे धरले तर पाचाच्या वर. सातला निघालेला माणूस बारानंतर पोचतो. हिवाळ्यात घड्याळातला आणखी एक तास जातो, कारण नेवाडा घड्याळ मागे घेतं आणि ॲरिझोनाचा बहुतेक भाग वर्षभर त्याला हात लावत नाही. रात्री वेळेवर परतायचं तर चार-पाचला निघणं आलं. हाती उरते ती भर दुपार.

भर दुपारी बिघडतं काय, तर सावली नाहीशी होते. दरीची लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. एवढ्या पसाऱ्यात नजरेला ओळखीचं माप सापडत नाही. समोरचा सुळका शंभर मीटरचा की पाचशे, हे सांगायला जवळ घर नाही की माणूस नाही. ते काम तिरपं ऊन करतं. सकाळ-संध्याकाळ एका सुळक्याची सावली मागच्यावर पडते, उपदऱ्या काळोखात जातात, आणि पुढचं कोणतं, मागचं कोणतं हे उलगडतं. सूर्य माथ्यावर आला की तेच दृश्य नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यासारखं सपाट होतं. खडकांच्या थरांचंही तसंच. कड्यावरचा कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाशी कोलोरॅडो नदीलगतचा काळा विष्णू शिस्ट १७० कोटी वर्षांहून जुना. (हो, विष्णूच. इथल्या अनेक सुळक्यांना हिंदू देवतांची नावं आहेत.) हे थर नदीने गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कापून उघडे केले, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. याव्हापाई पॉइंटवरच्या छोट्या संग्रहालयात मोठ्या काचांसमोर हे सगळं समजावलेलं आहे. दुपारचा वेळ तिथे घालवावा आणि उन्हं कलली की बाहेर यावं.

यावर पहिला आक्षेप असा, की व्हेगासहून अवघ्या २०० किलोमीटरवर काचेचा स्कायवॉक आहे, मग एवढ्या लांब कशाला जायचं? तो २००७ साली हुआलापाई या आदिवासी जमातीच्या जमिनीवर सुरू झाला. जमातीला त्यातून उत्पन्न मिळतं आणि काचेवरून खाली पाहण्याची गंमत खरी आहे. पण ती जागा राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेरची. उद्यानाचा पास तिथे चालत नाही आणि साउथ रिमवरून दिसणारा विस्तारही तिथे नाही. जाहिरातीत दोन्हींना ‘ग्रँड कॅन्यन’च म्हणतात, म्हणून पैसे भरण्याआधी कोणता कडा ते विचारून घ्यावं. उत्तर कड्याचा पर्याय सध्या बाजूला ठेवलेला बरा: तो हिवाळ्यात बंद असतो, आणि तिथलं जुनं लॉज जुलै २०२५च्या वणव्यात जळून गेलं.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो वजनदार आहे. कड्यावरची हॉटेलं महाग आहेत, त्यांचं बुकिंग तेरा महिने आधी सुरू होतं. पण प्रवेशद्वाराबाहेर टुसायान गाव आहे, सुमारे ९५ किलोमीटरवर विल्यम्स आणि १३० किलोमीटरवर फ्लॅगस्टाफ. तिथे राहूनही संध्याकाळ आणि दुसरी सकाळ दोन्ही साधतात. शिवाय गाडीचा ३५ डॉलरचा प्रवेश सात दिवस चालतो. २०२६पासून अमेरिकेत राहत नसलेल्या, सोळा वर्षांवरील पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा पडतात. म्हणजे व्हिसावर आलेल्या आईवडिलांना हा भुर्दंड आहेच. (निघण्याआधी ताजे दर पाहून घ्यावेत.) एवढे पैसे तीन तासांच्या दुपारसाठी मोजणं हाच खरा महागडा व्यवहार.

राहता राहिला वयाचा मुद्दा. म्हाताऱ्या माणसांना झेपेल का? उलट मुक्काम त्यांच्याचसाठी हवा. साउथ रिम सुमारे २,१०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्याहून साडेचारशे मीटर उंच. पाच तास गाडीत बसून एकदम तिथे उतरलं की दम लागतो, आणि थंडीत रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. चालायची मात्र सक्ती नाही. कड्यालगतची पायवाट बऱ्याच भागात सपाट आणि डांबरी आहे. मार्च ते नोव्हेंबर हर्मिट रोडवर खासगी गाड्यांना बंदी असते आणि फुकट बस थेट होपी पॉइंटला नेते. सूर्यास्ताला तिथेच जावं. महाबळेश्वरने आपल्याला पॉइंट मोजायची सवय लावली आहे. इथे एकाच जागी दोन तास बसलेला जास्त पाहतो. कठडे मोजक्याच ठिकाणी आहेत, तेव्हा सेल्फीसाठी मागे सरकणं नको. जुलै-ऑगस्टच्या दुपारी विजा कडाडतात, तेव्हा कडा सोडून आडोशाला जावं. तरुणांनी एका दिवसात नदीपर्यंत उतरून परत चढायचा हट्ट करू नये. तळाशी उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि चढ नेमका थकल्यावर येतो.

एक रात्रही काढता येत नसेल, तर ग्रँड कॅन्यन या खेपेला वगळा आणि पुढच्या फेरीत व्हेगासचा एक दिवस कमी करून तो दिवस इकडे द्या.