नाताळ

दिवाळी सरली की आपण आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवून देतो. परंतु डिसेंबर महिना अर्धा उलटला, की कोकणातील ख्रिस्ती बांधवांच्या दारी कंदील झळकू लागतात. बांबूच्या कामट्या व रंगीत कागद यांचे हे कंदील ताऱ्याच्या आकाराचे असतात. बेथलेहेम गावी येशू ख्रिस्ताचा जन्म झाला, तेव्हा पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना एका ताऱ्याने वाट दाखविली, असे बायबलात सांगितले आहे. त्या ताऱ्याचीच ही आठवण होय.

२५ डिसेंबरला येणारा हा सण म्हणजे नाताळ. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. येशूचा जन्मदिवस हा त्याचा अर्थ. मुलांनो, नाताळच्या सुट्टीची तुम्ही वाट पाहता, तेव्हा हा शब्द परका असल्याचे तुमच्या ध्यानातही येत नाही! शब्दाचे जे झाले, तेच सणाचेही झाले.

येशूला जन्मतः गाईगुरांच्या गव्हाणीत निजविले होते. म्हणून ह्या दिवसांत घरोघरी गोठ्याचा देखावा मांडतात. इटलीतील संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली असा देखावा उभारला होता. पुढे ही प्रथा जगभर पसरली. आपल्याकडे काही ठिकाणी मुले आधीच धान्य पेरून ठेवतात व त्याच्या कोवळ्या रोपांनी गोठ्याभोवतीचे कुरण सजवितात. ते पाहून नवरात्रातील घटाची आठवण होते.

फराळाचेही तसेच आहे. गोव्यात व दक्षिण कोकणात नाताळसाठी नेवऱ्या तळतात. नेवरी ही आपल्या करंजीची सख्खी बहीणच! तांदळाचे पीठ, नारळाचे दूध व गूळ एकत्र आटवून दोदोल करतात. तांदूळ आणि नारळ ही तर कोकणभूमीचीच देणगी.

आणि गाणी? इंग्लंडातून आलेले फादर स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. पुढे १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता लिहिणारे कवी ते हेच. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाई यांच्यापासूनही त्यांना काही वर्षे दूर राहावे लागले. एवढे सोसूनही आपल्या भाषेशी व संतांशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. त्या काळी मराठी प्रार्थनामंदिरांत पुष्कळशी गीते इंग्रजीवरून भाषांतरित केलेली व पाश्चात्त्य चालींची असत. टिळकांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन यांतून ख्रिस्ताचे गुण गायिले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. धर्म बदलला तरी मायबोली बदलत नाही, हेच टिळकांनी आपल्या जीवनाने दाखवून दिले.

नाताळात शेजारच्या घरून रुमालाने झाकलेले ताट येते. शेजाऱ्याचे ताट रिकामे परत धाडू नये, अशी आपली जुनी रीत आहे. दिवाळीत आपल्या घरची करंजी त्या घरी जाते, नाताळात तिथली नेवरी आपल्या घरी येते. दोघींची चव घेऊन पाहा, म्हणजे त्या बहिणी कशा, हे कोणी निराळे सांगावयास नको.